सॉफ्टवेअरचा मक्ता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची चार दिवस राहायला आली होती. ती संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे. पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी जुळवायच्या, त्यांतले खाडे हिशेबाने भरून काढायचे आणि पावसाची चाल कशी बदलत गेली ते पाहायचं, असं तिचं काम. रात्री जेवणं झाली, आवराआवर झाली, आणि ती लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मामू, सायटेशनला मराठीत काय म्हणायचं?"

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. म्हटलं, "संदर्भ म्हण, दाखला म्हण, उल्लेख म्हण. त्यात काय एवढं?"

"पुस्तकाचा दाखला ठीक आहे. पण सॉफ्टवेअरचा दाखला द्यायचा असेल तर?"

मला प्रश्नच कळला नाही. सॉफ्टवेअरचा कसला दाखला? शिंप्याने सदरा शिवून दिला तर तो कात्रीचं नाव थोडंच सांगतो? भाचीने वाद घातला नाही. तिने पडद्यावर एकच शब्द टाइप केला, 'सायटेशन', त्यापुढे दोन कंस, आणि कळ दाबली. पडद्यावर चार-सहा ओळी उमटल्या. त्या सॉफ्टवेअरचं नाव, करणाऱ्यांचं नाव, साल, आणि गाव व्हिएन्ना. त्याखाली इंग्रजीत एक वाक्य होतं. त्याचा भावार्थ असा की, हे घडवण्यात आम्ही पुष्कळ वेळ आणि श्रम घातले आहेत. तुमच्या अभ्यासात याचा उपयोग केलात तर कृपया तसा उल्लेख करा.

त्या वाक्याशी मी थबकलो. यंत्राच्या पोटातून कुणीतरी अदबीने म्हणत होतं, 'नाव तेवढं घ्या.' तीस-पस्तीस वर्षं कविता लिहिणाऱ्या माणसाला ही विनंती अनोळखी नव्हती.

एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर मागे एकदा माझ्याच चार ओळी छापल्या होत्या. खाली कवीचं नाव 'अज्ञात'. गंमत म्हणजे ती पत्रिका पोस्टाने मलाच आली होती, माझ्या नावानिशी! मी गेलो, तिसऱ्या रांगेत बसलो. निवेदकाने त्या ओळी म्हटल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अज्ञात कवी म्हणून त्या टाळ्या मीही ऐकल्या आणि घरी आलो. राग आला नाही असं म्हणणार नाही.

आपल्या जुन्या कवींनी यावर एक तोड काढली होती. नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असलं तर ते गळून पडू शकतं, म्हणून त्यांनी ते कवितेच्या आतच गुंफलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा येते. श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले, तुकोबा झाले, नामदेव झाले, सगळ्यांनी ही चाल पाळली. गझलेत शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस बांधतो, त्या शेराला 'मक्ता' म्हणतात. मराठीत मक्ता म्हणजे ठेका, कंत्राट. गझलेतला मक्ता मात्र ठेका मागत नाही. 'हे माझं आहे, वापरा खुशाल, पण नाव असू द्या' एवढंच तो म्हणतो. भाचीच्या पडद्यावर मी पाहिला तो सॉफ्टवेअरचा मक्ता होता. तो तिथे आला कसा, याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात करायला हवी ती मोजदादीपासून. विज्ञानात एकाने दुसऱ्याच्या निबंधाचा दाखला देण्याची रीत जुनीच. पण ते दाखले मोजायची सोय १९६४ साली झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला यूजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थांनी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची काढायला सुरुवात केली. कुठल्या निबंधाचा दाखला पुढे कुणीकुणी दिला, हे त्या सूचीत पाहता येऊ लागलं. हेतू चांगला होता. एखाद्या विचाराचा माग काढायचा तर ही वाट सोयीची. पण जे मोजता येतं त्याचीच पुढे किंमत होऊ लागते. नेमणूक असो, बढती असो, अनुदान असो, 'तुमच्या निबंधांना दाखले किती?' हा प्रश्न आधी येऊ लागला.

आता या हिशेबाच्या वहीत एक कोरा रकाना राहून गेला. निबंध मोजले जात होते. प्रोग्रॅम मोजले जात नव्हते. त्याच सुमारास संगणक प्रयोगशाळांमध्ये शिरत होते आणि काही शास्त्रज्ञ आपलं मूळ संशोधन बाजूला ठेवून सगळ्यांच्या उपयोगी पडतील असे प्रोग्रॅम लिहीत होते. त्यांचं काम शेकडो लोक वापरत. निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत कधी त्यांचं नाव येई, कधी तेही नाही. आभाराची मोजदाद नसते. लग्नपत्रिकेत 'आणि समस्त आप्तेष्ट' म्हणतात, त्यातलाच तो प्रकार.

यातून वाट कशी निघाली, त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण जॉर्ज शेल्ड्रिक यांचं. हे मूळचे इंग्रज. केंब्रिजला शिकले आणि १९७८पासून जर्मनीत ग्योटिंगेनला प्राध्यापक होते. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्या ठिपक्यांवरून स्फटिकातला अणू न् अणू कुठे आहे हे काढता येतं. पण त्याचा हिशेब अफाट. तो करून देणारा 'शेलेक्स' हा प्रोग्रॅम शेल्ड्रिक यांनी लिहिला. त्याची १९७६ची आवृत्ती भोकं पाडलेल्या कार्डांवर साठवून जगभर गेली. पुढे तीस वर्षं ते त्यात सुधारणा करत राहिले. औषधाचा रेणू असो की खनिज, त्याची रचना सोडवताना शेलेक्स वापरणं हे रसायनशास्त्रज्ञांच्या अंगवळणी पडलं.

२००८ साली शेल्ड्रिक यांनी 'शेलेक्सचा छोटा इतिहास' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' या नियतकालिकाच्या 'ए' विभागात छापला आणि त्याच्या गोषवाऱ्यातच सुचवून ठेवलं की, शेलेक्स वापरणाऱ्यांनी दाखला द्यायचा तर या निबंधाचा द्यावा. लोकांनी तो दिला. इतका दिला की हिशेबाची वहीच डगमगली. नियतकालिकांची प्रतिष्ठा मोजायला 'इम्पॅक्ट फॅक्टर' नावाचा एक आकडा काढतात. मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना या वर्षी सरासरी किती दाखले मिळाले, असा तो हिशेब. 'अॅक्टा'च्या या विभागाचा आकडा २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो ४९.९२६ झाला! 'नेचर' आणि 'सायन्स' ही विज्ञानजगतातली बडी नियतकालिकं त्या वर्षी त्याच्या मागे पडली. पुढे दोन वर्षांची मुदत संपून तो निबंध हिशेबाबाहेर गेला आणि आकडा पुन्हा दोनच्या आसपास उतरला.

लोक या प्रसंगाकडे विनोद म्हणून पाहतात, आणि तो आहेही. पण त्यात एक हिशेब दडलेला आहे. ते दाखले काही २००८ सालचे नव्हते. तीस वर्षं साचलेलं ते देणं होतं. दार उघडलं आणि ते एकदम बाहेर आलं. 'नेचर'ने २०१४ साली सर्वाधिक दाखले मिळालेल्या शंभर निबंधांची यादी काढली, तेव्हा शेलेक्सचा निबंध पहिल्या वीसात होता. जनुकांच्या माळा पडताळून पाहणाऱ्या 'ब्लास्ट' या प्रोग्रॅमवरचा १९९०चा निबंधही त्याच वीसात होता. शेल्ड्रिक २०२५ साली गेले. त्यांचं नाव मात्र स्फटिकांच्या हजारो निबंधांच्या तळाशी आहे.

असे निबंध लिहिण्याची मग रीतच पडली. प्रोग्रॅमला दाखला मिळत नाही ना, मग प्रोग्रॅमबद्दल एक निबंध लिहा म्हणजे लोक त्याचा दाखला देतील. म्हणजे गवयाने गाणं गायचं, पण बिदागी हवी तर गाण्यावर एक लेख लिहून द्यायचा. तरी चालून गेलं.

भाचीच्या पडद्यावर होतं ते सॉफ्टवेअर म्हणजे 'आर'. इंग्रजी वर्णमालेतलं ते एकच अक्षर, बस. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातले दोन प्राध्यापक, रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन. दोघांचीही पहिली नावं 'आर'ने सुरू होणारी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची संख्याशास्त्राची संगणकभाषा आधी केलेली होती. तिच्या वळणावर या दोघांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी आपली भाषा केली, आणि 'एस'च्या शेजारचं 'आर' हे अक्षर तिला दिलं. १९९३ साली त्यांनी ती इतरांना दाखवली, १९९५ साली सगळ्यांसाठी मोफत खुली केली, १९९६ साली तिच्यावर निबंध लिहिला. १.० क्रमांकाची आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० या दिवशी. पुढे जगभरातल्या लोकांनी तिला जोड द्यायला सुरुवात केली. कुणी पावसाच्या हिशेबासाठी, कुणी रोगांच्या साथींसाठी, कुणी शेतीच्या प्रयोगांसाठी आपापली पॅकेजं लिहिली. आज अशी वीस हजारांहून जास्त पॅकेजं एका ठिकाणी ठेवलेली आहेत.

या मंडळींनी केलेली युक्ती मला फार आवडली. आर सुरू केलं की पहिल्याच मजकुरात ते सांगतं की हे पुष्कळांनी मिळून केलेलं काम आहे, करणाऱ्यांची नावं पाहायची तर अमुक टाइप करा आणि दाखला कसा द्यायचा ते पाहायचं तर तमुक. प्रत्येक पॅकेजच्या आत लेखकाला एक छोटी फाइल ठेवता येते. तिचं नावच 'सायटेशन'. वापरणाऱ्याने विचारलं की त्या फाइलीतला मजकूर पुढे येतो. लेखकाने फाइल ठेवली नसेल तर पॅकेजच्या वर्णनातून नाव, साल, आवृत्ती उचलून आर स्वतःच दाखला जुळवून देतं. नाव शोधायला दुसरीकडे कुठे जायला नको. ते मालाबरोबरच घरी येतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात येतं, तसं.

पण नाव घ्यायचं ते केवळ करणाऱ्याला बरं वाटावं म्हणून का? तेवढंच असतं तर मी याला शिष्टाचार म्हणून सोडून दिलं असतं. दुसरं कारण जास्त मोठं आहे.

आमच्याकडे हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची जी परंपरा आहे, तिच्यात प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. एक 'मत्न', म्हणजे मूळ मजकूर. दुसरा 'इस्नाद', म्हणजे तो मजकूर कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, तमक्याने फलाण्याकडून, असं थेट मुळापर्यंत. ही साखळी कुणाचा मान राखण्यासाठी नव्हती, ती तपासण्यासाठी होती. साखळीतला एखादा माणूस विसरभोळा असेल, दोन माणसांची भेट होणंच शक्य नसेल, तर विद्वान त्या मजकुराला कच्चा ठरवत. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचं एक स्वतंत्र शास्त्रच त्यातून उभं राहिलं. लहानपणी मदरशात हे ऐकताना कंटाळा यायचा. मजकूर सांगा की लवकर, एवढी नावं कशाला, असं वाटायचं. या वयात कळतं की नावं गेली की मजकुराची जबाबदारी घेणारं कुणी उरत नाही.

विज्ञानात हे किती महागात पडतं, ते २००६ साली दिसलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेफ्री चँग नावाचे तरुण, नावाजलेले शास्त्रज्ञ होते. पेशीच्या पडद्यातून औषधं बाहेर फेकणाऱ्या एका प्रथिनाची रचना त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली होती. त्या रचनेवर इतरांनीही आपले अभ्यास उभारले होते. २००६च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी तशाच दुसऱ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली, ती या रचनेशी जुळेना. चँग यांनी शोध घेतला तेव्हा आढळलं की त्यांच्या प्रयोगशाळेतला एक घरगुती प्रोग्रॅम माहितीचे दोन रकाने उलटसुलट करत होता. तो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रयोगशाळेकडून त्यांच्याकडे आलेला. कॅमेऱ्यात फिल्म उलटी घातल्यासारखी सगळी रचना उलटी आली होती. पाच निबंध मागे घ्यावे लागले, त्यांतले तीन 'सायन्स'मधले. चँग यांनी स्वतःच चूक जाहीर केली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण पाच वर्षं गेली ती गेली. प्रोग्रॅम हाताहाती फिरतो, त्याचा कर्ता कोण, आवृत्ती कुठली, त्यात शेवटचा बदल कुणी केला, हे कुठे लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या माणसाने तपासायचं कुठून?

तरी लोक लिहीत नाहीत. जेम्स हॉविसन आणि ज्युलिया बुलार्ड या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी जीवशास्त्रातले ९० निबंध घेऊन त्यांत सॉफ्टवेअरचा उल्लेख कसा येतो ते तपासलं. २०१६ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की रीतसर दाखला देऊन केलेले उल्लेख निम्म्याहूनही कमी आहेत. बाकीच्या ठिकाणी नुसतं नाव घेतलेलं, कधी 'आमच्याकडचा एक प्रोग्रॅम' एवढंच. नाव असलं तर आवृत्ती नाही, आवृत्ती असली तर पत्ता नाही.

याच दशकात एक गोष्ट घडली, ती मला विसरता येत नाही. जॉन हंटर हे अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा ते अभ्यास करत. त्या लहरींचे आलेख काढायला मनासारखं साधन मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहिलं. त्याचं नाव 'मॅटप्लॉटलिब'. २००३ साली ते लोकांसाठी मोफत खुलं केलं, २००७ साली त्याच्यावर एक निबंध लिहिला. २००८ साली 'फीनिक्स' यान मंगळावर उतरलं, तेव्हा जमिनीवरच्या पडद्यांवर याच साधनाने काढलेले आलेख होते. २०१२च्या जुलैमध्ये हंटर यांनी एका परिषदेत आपल्या कामावर भाषण केलं. लगेचच कर्करोगाचं निदान झालं आणि २८ ऑगस्टला, वयाच्या ४४व्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी आणि तीन लहान मुली. ज्यांनी त्यांचं साधन फुकट वापरलं होतं अशा लोकांनी त्या मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला.

पुढे १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली. अंधारातली ती नारिंगी कडी तुम्हीही वर्तमानपत्रात पाहिली असेल. ती प्रतिमा घडवताना मॅटप्लॉटलिब आणि त्याच्या कुळातली इतर मोफत साधनं वापरली होती. शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधात त्यांचे दाखलेही दिले. आणि 'नेचर'ने लिहिलं त्याप्रमाणे, त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने याच साधनांच्या देखभालीसाठी मागितलेलं अनुदान नाकारलं. कारण काय, तर या सॉफ्टवेअरचा प्रभाव पुरेसा नाही! प्रभाव पडद्यावर दिसत होता. पण जिथे तो मोजला जातो त्या वहीत वर्षानुवर्षं पुरेशी नोंदच झाली नव्हती.

मॅटप्लॉटलिबवाले आजही सांगतात, दाखला हंटर यांच्या २००७च्या निबंधाचा द्या. म्हणजे प्रत्येक दाखल्यात त्या माणसाचं नाव घेतलं जातं. मला हे फातिहासारखं वाटतं. पण यात एक अडचणही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हंटर यांच्यानंतर शेकडो लोकांनी त्या साधनात भर घातली, चुका काढल्या, ते जिवंत ठेवलं. २००७च्या निबंधात त्यांची नावं नाहीत. निबंध एकदा छापला की गोठतो, सॉफ्टवेअर मात्र दर वर्षी बदलतं. तेव्हा निबंधाचा आडोसा न घेता सॉफ्टवेअरचाच, त्याच्या नेमक्या आवृत्तीचाच दाखला देता यायला हवा.

त्यासाठी काय करावं यावर बरीच खटपट झाली. युरोपातल्या 'सर्न' या प्रयोगशाळेने २०१३ साली 'झेनोडो' नावाचं डिजिटल कोठार उघडलं. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस, त्याच्यावरून हे नाव. इथे सॉफ्टवेअरची प्रत ठेवली की तिला एक कायमचा क्रमांक मिळतो. जमिनीचा गट नंबर असतो तसा. मालक बदलो, रस्त्याचं नाव बदलो, गट नंबरावरून जमीन सापडतेच. २०१६ साली आर्फन स्मिथ, डॅनियल कॅट्झ आणि काइल नीमायर यांनी एका मोठ्या कार्यगटाच्या वतीने सॉफ्टवेअरच्या दाखल्याची सहा तत्त्वं मांडली. सॉफ्टवेअरला निबंधाइतकंच महत्त्व द्या. करणाऱ्यांना श्रेय द्या. प्रत्येकाला वेगळा ओळखक्रमांक असू द्या. सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी त्याची नोंद टिकू द्या. ते जिथे मिळेल तो पत्ता द्या. आणि नेमकी आवृत्ती सांगा. इतक्या साध्या गोष्टी सांगायला २०१६ साल उजाडलं!

सगळेच असे समजुतीने सांगतात असं नाही. 'पॅरलल' नावाचा एक उपयुक्त मोफत प्रोग्रॅम आहे. ओले टांगे या डॅनिश प्रोग्रॅमरचा. तो चालवला की आधी तोच तुम्हाला बजावतो, ज्याच्या आधारावर निबंध लिहिता त्याचा दाखला देणं ही विद्याजगताची परंपरा आहे. सूचना नको असेल तर 'दाखला देईन' असं टाइप करून कबुली द्यायची. दाखला द्यायचाच नसेल तर दहा हजार युरो द्या आणि मोकळे व्हा, असंही त्यात लिहिलेलं! यावर पुष्कळ वाद झाला. काही म्हणाले, मोफत म्हणून दिलंस, आता अट कशी घालतोस? टांगे म्हणतात, ही कायद्याची अट नाही, रीतीची आठवण आहे. मला दोघांचंही पटतं. नाव मागून घ्यावं लागतं तेव्हा मागणाऱ्याचा आवाज थोडा चढतोच.

आवाज न चढवता हेच साधावं म्हणून २०१७ साली दाखल्याच्या फाइलीचा एक सर्वांना चालेल असा साचा निघाला. त्याला 'सायटेशन फाइल फॉरमॅट' म्हणतात. साधा मजकूर असतो. सॉफ्टवेअरचं नाव, करणाऱ्यांची नावं, आवृत्ती, तारीख, कायमचा क्रमांक. पुस्तकाच्या सुरुवातीला मुद्रक-प्रकाशकाचं पान असतं तसं, पण माणसाला वाचता येईल आणि यंत्रालाही. २०२१ साली 'गिटहब'ने, म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या जागेने, ही फाइल ओळखायला सुरुवात केली. फाइल ठेवलेली असली की शेजारी दाखला देण्याचं बटण दिसतं. ते दाबलं की दाखला तयार. आता 'नाव कसं लिहायचं ते ठाऊक नव्हतं' ही सबब उरली नाही.

हे सगळं भाचीने मला दोन-तीन रात्रींत समजावलं. शेवटच्या रात्री खरी गोष्ट बाहेर आली. पावसाच्या नोंदींतले खाडे भरायला तिनेही एक छोटं पॅकेज लिहिलं आहे. कामाचं आहे, म्हणून ते मित्रमैत्रिणींनी नेलं, त्यांच्याकडून इतरांनी नेलं. एका कार्यशाळेत एका वक्त्याने त्यातून काढलेले आलेख दाखवले. तिच्याच समोर. नाव कुणाचंच नव्हतं. तीही अशीच मागच्या रांगेत बसली होती. पुढच्या वर्षी ती नोकरीसाठी अर्ज करील. अर्जात 'प्रसिद्ध केलेले निबंध' असा रकाना असतो. दोन वर्षं खपून केलेल्या त्या पॅकेजसाठी रकाना नसतो. त्याला कुणी दाखला दिलेला असेल तरच ते मोजलं जाणार.

मी विचारलं, "तू त्यात तुझ्या नावाची फाइल ठेवली होतीस का?"

ती म्हणाली, "नाही मामू. मोठेपणा केल्यासारखं वाटलं."

हे वाक्य मी घराघरांतून ऐकलं आहे. चांगलं काम करणाऱ्या, आणि विशेषतः बायकांच्या तोंडून. मी तिला म्हटलं, "बेटा, तुकोबांनी नाव घातलं तो मोठेपणा नव्हता. हा शब्द माझा, याचं बरं-वाईट मला विचारा, अशी ती जबाबदारी होती. तुझ्या प्रोग्रॅममध्ये उद्या चूक निघाली तर लोकांनी विचारायचं कुणाला?"

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ती फाइल लिहिली. म्हणजे तिने लिहिली आणि मी शेजारी चहा घेऊन बसलो. पहिल्याच ओळीशी अडलो. साच्यात आडनाव वेगळं, नाव वेगळं लिहायचं असतं. आमच्या घरात आडनाव असं नाहीच. वडिलांचं नाव पुढे लावायचं, बस. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, अशी आमच्याकडच्या पुष्कळांची तऱ्हा. शेवटी तिने ठरवलं, प्रबंधावर जे नाव येणार तेच, त्याच क्रमाने. म्हणजे दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत हे लोकांना कळेल.

मग ती एकदम हसली. म्हणाली, "मामू, यात टोपणनावासाठीपण जागा आहे." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच होती. ज्याने हा साचा केला, त्याने तखल्लुसचीही सोय ठेवली आहे. भाचीने ती जागा रिकामी सोडली. तिला अजून टोपणनाव नाही. नाव, आवृत्ती, तारीख भरून झाली, तेव्हा बारा वाजून गेले होते. बाहेर पाऊस लागला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)